घरातल्या सगळ्या किल्ल्या

कुलूपताईंच्या दुकानात गिऱ्हाईकाला "या, बसा" म्हणायची पद्धत नाही. बसायला जागाही नाही. दुकान सव्वाचार फूट रुंद आणि बारा फूट खोल. डाव्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, उजवीकडे किल्ली कापायचं यंत्र, समोर फळीचं काउंटर. काउंटरच्या मागे पत्र्यावर तीन ओळी रंगवलेल्या आहेत: गाडी समोर हवी. कागद हवेत. घरातल्या सगळ्या किल्ल्या हव्यात.

तिसरी ओळ लोकांना कळत नाही. ती न कळलेल्या माणसावर कुलूपताई दिवसातून निदान एकदा तरी ओरडतात.

"अहो, एकच रिमोट तुटलाय. बाकीच्या किल्ल्या कशाला?"

"गाडीला नवी किल्ली शिकवायची तर जुन्या विसरायला लावाव्या लागतात. घरी राहिलेली किल्ली मग लोखंडाचा तुकडा. संध्याकाळी तुमची बायको भर रस्त्यात उभी राहणार आणि शिव्या मला घालणार. जा, घेऊन या."

गिऱ्हाईक कुरकुरत जातं आणि किल्ल्या घेऊन परत येतं, कारण एका दिवसात काम करून देणारं दुसरं दुकान जवळपास नाही. शेजारचा पंक्चरवाला हे रोज ऐकतो. "आज सकाळीच दोन पडले वाटतं?" असं तो टायरमधून डोकं वर न काढता विचारतो. "तिसरा व्हायचाय का?" असं उत्तर येतं.

कुलूपताई हे नाव त्यानेच ठेवलं. बाईंचं वय त्रेपन्न. उजव्या अंगठ्याचं नख कानशीने झिजून अर्धं राहिलेलं. वडील याच फळीमागे उभे राहून कुलपं दुरुस्त करत. त्यांनी धंदा शिकवायला घेतला तो धाकट्या मुलाला. शाळा सुटली की मुलगा दुकानात येई, स्टुलावर बसे आणि वडील काय करतात ते बघे. मुलगी वरून डबा घेऊन येई आणि वडील जेवेपर्यंत यंत्रावर उभी राही. पाच-सहा वर्षांनी लक्षात आलं की मुलाला सगळं माहीत आहे आणि मुलीला सगळं करता येतं. मुलगा शिकून एका कारखान्याच्या खरेदी विभागात लागला. मुलगी फळीमागे राहिली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई राहतात.

गाड्यांच्या किल्ल्यांत चिप आल्या तेव्हा पुष्कळ किल्लीवाल्यांनी हात टेकले. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू किल्लीच्या डोक्यात बसवलेली असते. गाडी तिला ओळखते. ओळख पटली नाही की इंजिन दोन सेकंद चालतं आणि मरतं, आणि समोरच्या पट्टीवर कुलूप लावलेल्या छोट्या गाडीचं लाल चित्र लुकलुकायला लागतं. दार उघडायचं बटण वेगळं, चिप वेगळी. एक चालू राहून दुसरं बंद पडू शकतं. कुलूपताईंनी चाळिशी ओलांडल्यावर हे शिकून घेतलं, गाडीला किल्ली शिकवायचं मशीन घेतलं आणि त्यासोबत एक नियमही घेतला. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वहीत त्याच्याच अक्षरात एक वाक्य लिहून घेतात: घरातल्या सगळ्या किल्ल्या मी समोर ठेवल्या आहेत. एखादी हरवली असेल तर तसं लिहायचं. खाली सही. नगरसेवक असो की डॉक्टर, सही केल्याशिवाय मशीनची वायर गाडीला लागत नाही.

बारा वर्षांत ही सही एकाच माणसाकडून घ्यायची राहिली.

तो गुरुवार होता, दुपारची वेळ. धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. येताना आईसाठी केळी आणली होती.

"ताई, रिमोट गेला बघ. पाण्यात पडला."

त्यांनी तो हातात घेतला. कवच उकललेलं, आतली सर्किटची पट्टी मधोमध तडकलेली. चिप मात्र जागेवर होती, म्हणून तर गाडी इथवर आली. पाण्यात पडलेल्या पट्टीवर दोन दिवसांत हिरवट बुरशीसारखा थर चढतो. ही पट्टी कोरडी ठणठणीत होती. परका असता तर त्यांनी तिथेच विचारलं असतं, की पाण्यात पडला की हातोड्याखाली. भावासमोर त्यांनी नुसतं मशीन पुढे ओढलं.

मशीन लावलं. पडद्यावर आकडा आला: दोन किल्ल्या.

"दुसरी कुठंय?"

"तुझ्या भावजयीकडे होती. हरवली तिने. कुठे टाकली देव जाणे. पुसूनच टाक, उगाच कोणाच्या हाती लागायला नको."

हरवलेली किल्ली पुसायचीच असते, हे धंद्यातलं साधं शहाणपण. त्यांनी पुसली. दाराच्या बटणांची यादीही साफ करायला त्या पुढे वाकल्या तर भाऊ म्हणाला, "ते राहू दे गं, साडेतीनला मीटिंग आहे." कवच निवडताना म्हणाला, "जुन्यासारखंच दे, अगदी तसंच." त्यांनी शोधून तसंच दिलं. कागद मागितले नाहीत. वही उघडली नाही. सख्ख्या भावाला "सही कर" कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण असं त्या गिऱ्हाइकांना ऐकवतात. त्या दिवशी स्वतःला ऐकवायचं राहून गेलं. उलट निघताना त्याच्या हातात चहाचा कप दिला.

बरोबर एकोणीस दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, भावजय दुकानात आली. ती बसने आली होती. केस नीट विंचरलेले नव्हते आणि ती कधी नव्हे ते काउंटरच्या बाहेरच उभी राहिली.

"ताई, एक विचारायचं होतं. हसू नका."

"बोल ना."

"मला गाडी सुरू करायला परत शिकवाल का? म्हणजे कोणी माहितीतलं असेल शिकवणारं तर."

कुलूपताई एका कपाटाच्या किल्लीला कानस मारत होत्या. "बारा वर्षं चालवतेस की तू."

"हो. पण हात बिघडलाय माझा. गेले तीन आठवडे मी बसले की सुरूच होत नाही. हे बसले की पहिल्या झटक्यात होते. हे म्हणतात, तुझं डोकं ठिकाणावर नाही, क्लच अर्धवट दाबतेस. मी पूर्ण दाबते हो. निदान मला तरी वाटतं की दाबते." ती थांबली. "आता मला तेही खात्रीने सांगता येत नाही."

कानस थांबली.

"इंजिन फिरतं का?"

"फिरतं. लगेच बंद पडतं."

"किती वेळात? एक, दोन, बंद... असं?"

"हो, असंच."

"समोर दिवा लुकलुकतो? लाल. गाडीवर कुलूप."

"लुकलुकतो. हे म्हणतात, तो बॅटरीचा."

कुलूपताईंनी कानस खाली ठेवली. "तुझी किल्ली हरवली होती ना?"

"माझी? नाही हो." तिने पर्समधून किल्ली काढून फळीवर ठेवली. कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, कधी तरी खुणेसाठी लावलेला. "ही काय. दार तर उघडतं हिने. म्हणून तर कळत नाही."

"तो सुरू करतो तेव्हा याच किल्लीने करतो?"

"माझ्या हातातून घेतात, आत बसतात, दार लावून घेतात. झाली की काच खाली करून म्हणतात, बघ. मग बंद करून खाली उतरतात आणि किल्ली परत देतात."

त्यांनी ती किल्ली चिप वाचायच्या छोट्या यंत्रावर ठेवली. चिप धडधाकट होती. बिघाड किल्लीत नव्हताच. दार लावून तो खिशातली स्वतःची, तशीच दिसणारी किल्ली फिरवत होता. मग सगळं एकापाठोपाठ जागेवर बसलं: कोरडी पट्टी, "जुन्यासारखंच दे", आणि "ते राहू दे गं". दाराचं बटण चालू राहिलं तर बायकोला किल्लीचा संशय येणार नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला सुचत नाही. शाळा सुटल्यावर स्टुलावर बसून सगळं बघणाऱ्या मुलालाच ते सुचतं.

"बाबांची तब्येत कशी आहे?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता. ओळखणाऱ्याला त्याची भीती वाटली असती.

भावजयीच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. सात महिने तीच त्यांना नेत होती आणि सात महिने तिचा नवरा म्हणत होता, तुझे भाऊ काय झोपले आहेत का, घर कोणी बघायचं, आठवड्याचे तीन दिवस मला चहासुद्धा स्वतः करावा लागतो.

"तीन आठवडे बस-रिक्षाने नेतेय. काल दोन बस बदलून गेलो. दीड तास उशीर झाला. त्यांनी खुर्ची दुसऱ्याला दिली. दुपारी कशीबशी अर्धी वेळ मिळाली. रात्री बाबांना धाप लागली. डॉक्टर म्हणाले, उद्याचं चुकलं तर सरळ दाखलच करावं लागेल. हे म्हणाले, भावांना सांग. भाऊ दोघंही परगावी. म्हणून म्हटलं, आजच्या आज कोणी शिकवलं तर..."

कुलूपताईंनी एप्रन काढून खिळ्याला अडकवला. खिळा चुकला, एप्रन खाली पडला, तो तसाच राहिला. मशीनची पेटी काखोटीला मारली. शटर ओढलं तर ते अर्ध्यात अडकलं. शटरला, ते बसवणाऱ्याला आणि त्याच्या बापाला एकेक शिवी बसली. पंक्चरवाल्याने डोकं वर काढलं.

"कुलूपताई, भर धंद्याच्या वेळी शटर? कोणाचा नंबर लागला?"

"माझाच," त्या म्हणाल्या. "लक्ष ठेव."

दोघी रिक्षात बसल्या. भावजयीने दोनदा विचारलं, "काय झालंय ताई?" दोन्ही वेळा त्यांनी बाहेर बघितलं.

भावाच्या इमारतीच्या तळमजल्यावर, खांब क्रमांक सातपाशी गाडी उभी होती. भाऊ कारखान्याच्या बसने गेलेला. काचेवर धुळीचा पातळ थर, वायपरमध्ये अडकलेलं एक पान. भावजयीने बटण दाबलं, दार उघडलं. त्यांनी पेटी बॉनेटवर ठेवली आणि वही काढली.

"कागद काढ."

"ताई, गाडी माझ्याच नावावर आहे. तुम्हाला माहितीये."

"मला काही माहिती नाही. माहिती होतं म्हणून तर ही वेळ आली. कागद."

कागद निघाले. त्यांनी नाव मोठ्याने वाचलं, बोटाने गाडीचा नंबर पडताळला, मग स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ हात घालून वायर लावली. पडदा उजळला. त्यांनी मशीन भावजयीकडे वळवलं.

"वाच."

"नोंदलेल्या किल्ल्या..." ती वाकली. "एक."

"एक. ती तुझी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा हात ठीक आहे. क्लच ठीक आहे. डोकं ठीक आहे. गाडी तुला ओळखत नाही, कारण तुझी ओळख पुसलेली आहे." त्यांनी श्वास घेतला. "मी पुसली. त्याने सांगितलं तुझी किल्ली हरवली, आणि मी पुसली."

भावजयीने पडद्यावरचा आकडा परत वाचला. ती रडेल असं कुलूपताईंना वाटलं होतं. ती रडली नाही.

"तुम्ही मला फोन केला नाहीत."

"नाही."

"एक फोन. 'अगं, किल्ली हरवली का तुझी?' एवढंच."

"हो."

"त्या पाटीवर तुम्हीच लिहिलंय ना? कोणी परका आला असता तर विचारलं असतंत."

"विचारलं असतं."

"वीस दिवस मी रोज सकाळी इथे येऊन बसते, ताई. क्लच दाबते आणि मोजते. एक ते दहा. माझ्या पायात ताकद राहिली नाही असं समजून मी मागच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन आले. गुडघ्याचा फोटो काढला." तिचा आवाज चढत होता आणि खांबांमध्ये घुमत होता. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि मिटली. "आणि तुम्ही त्याला बसवून चहा पाजला असेल."

"पाजला."

"चुकलं" हा शब्द कुलूपताईंच्या तोंडी सहज बसत नाही. त्यांनी वही पुढे केली. "लिही. घरातल्या किल्ल्या."

"काय लिहू? एक आहे माझ्याकडे. एक त्याच्या खिशात आहे."

"तसंच लिही. आणि सांग, तुझी शिकवताना त्याची पुसली जाणार; ठेवायची तर संध्याकाळी तीही आणून दोन्ही शिकवायच्या, की आत्ताच पुसायची? गाडी तुझी आहे. तू म्हणशील तसं."

भावजयीने पेन हातात धरलं. "ठेवली तर?"

"तर तो उद्या परत कुठे तरी जाईल आणि तुझी पुसून आणेल. हे मशीन शहरात पंधरा जणांकडे आहे."

"आणि पुसली तर?"

"तरी जाईल. पण तिथे कागद मागतील. सगळ्याच काही बहिणी नसतात."

भावजयीने लिहिलं. अक्षर सुरुवातीला वाकडं होतं, शेवटी सरळ झालं. सही केली.

"पुसा."

काम चार मिनिटांचं होतं. सगळ्या किल्ल्या पुसल्या, लाल ठिपक्याची किल्ली घालून फिरवली, पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत थांबल्या. दाराच्या बटणांची यादीही या वेळी साफ केली आणि याच किल्लीचं बटण नव्याने नोंदलं. मग कागद पिशवीत घातले आणि पिशवी भावजयीच्या पर्समध्ये कोंबली. "हे आता गाडीत ठेवायचं नाही. घरातही नाही. बापाकडे ठेव."

भावजय चालकाच्या जागी बसली. क्लच दाबला. ओठ हलले, ती मोजत असावी. किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि चालू राहिलं. लाल दिवा विझला. तिने गाडी बंद केली. परत सुरू केली. परत बंद. असं तिने सात वेळा केलं. इतक्या वेळा केलं की बॅटरी उतरते हे कुलूपताईंना पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कोणाला त्यांनी दुसऱ्या वेळीच झापलं असतं. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"सोडू का दुकानावर?" भावजयीने विचारलं. नजर समोर होती.

"नको. तू बापाकडे जा. रात्री तिथेच रहा म्हणजे सकाळी धावपळ नको."

ती गेली.

भावाला हे कळायला गुरुवार उजाडला, सासऱ्यांच्या दारात उभी असलेली गाडी आणायला तो गेला तेव्हा. त्या दिवशी संध्याकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक कुलपाचं, एक कपाटाचं. तो त्यांच्या मधून घुसला आणि फळीवर मूठ आपटली.

"ताई, गाडी सुरू होत नाहीये. दारही बटणाने उघडेना."

"तुझा हात लागत नसेल," कुलूपताई म्हणाल्या. "क्लच पूर्ण दाबतोस का?"

कुलपाचं गिऱ्हाईक हसलं. त्याला यात काही तरी गंमत वाटली असावी. भावाचा चेहरा बघून ते हसू तिथेच विझलं.

"घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नकोस."

"भांडण घरातलं होतं. मशीन दुकानाचं होतं. ते तू घरात घेऊन गेलास."

"आमचं आम्ही बघून घेतलं असतं! तुला काय माहीत आमच्याकडे काय चालतं? आठवड्यातले तीन दिवस घरात बाई नसते..."

"तिचा बाप धापा टाकत बसमध्ये उभा होता. ते माहितीये मला."

"एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं."

"तुला सगळं वाटलं होतं. बटण चालू ठेवायचं हेसुद्धा वाटलं होतं." आता आवाज चढला. पंक्चरवाल्याच्या पंपाचा फसफसाट थांबला. "परक्या चोराने दार फोडलं असतं तर मला एवढा राग आला नसता. तो बिचारा निदान या दुकानात शिकलेला नसतो. तू या स्टुलावर बसून बाबांच्या हाताकडे बघायचास. त्यांना वाटायचं, पोरगा धंदा शिकतोय."

"मी तुझा सख्खा भाऊ आहे."

"म्हणूनच फसले. आता कागद दाखव. तुझ्या नावाचे असतील तर आत्ता किल्ली करून देते, या दोघांना थांबवून."

कागद नव्हते. कुलूपताईंनी वही उघडली. पानं मागे उलटली, त्या गुरुवारच्या पानावर थांबल्या आणि वही त्याच्याकडे फिरवून पेन वर ठेवलं. "हेही राहिलंय. बायकोची किल्ली हरवली म्हणालास ना? लिही. खाली सही कर."

त्याने वहीकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं. मग खिशातली किल्ली काढून फळीवर भिरकावली आणि निघून गेला. किल्ली घरंगळत कानशीच्या डब्यात पडली. "पुढचं कोण?" कुलूपताईंनी विचारलं. कपाटाचं गिऱ्हाईक म्हणालं, "मी उद्या आलो तर चालेल." "नाही चालणार," त्या म्हणाल्या. "आणा इकडे."

वर आईने ताट वाढलं नाही. सगळं तिच्या कानावर गेलं होतं, अर्थात मुलाच्या बाजूने.

"सख्ख्या भावाकडे कागद मागतेस? लोक तोंडात शेण घालतील."

"त्या दिवशी मागितले नाहीत म्हणून घालायला हवं होतं."

"नवरा-बायकोत असं चालायचंच. तू मधे कशाला पडलीस?"

"मी मधे पडले नाही, आई. मला मधे ठेवलं. पक्कडीसारखं." त्यांनी स्वतःच ताट घेतलं. आई त्यानंतर दहा दिवस बोलली नाही, फक्त औषधाच्या गोळ्या मागायची. भाऊ अजून आलेला नाही. भावजय वडिलांकडेच राहते. ती परत जाईल की नाही हे तिला कोणी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात कुलूपताईंनी त्या पहिल्या गुरुवारची मोकळी जागा स्वतः भरली. गाडीचा नंबर. किल्ली कोणी मागितली: धाकटा भाऊ. कागद पाहिले: नाही. घरातल्या किल्ल्या समोर होत्या: नाही. खाली स्वतःची सही, आणि तारीख खरी, म्हणजे लिहिली त्या दिवशीची. कोणी "आपल्यातला आहे हो, वही कशाला" म्हणालं की त्या हे पान उघडून समोर धरतात. वाचून झालं की पेन देतात.

सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या आसपास ती गाडी दुकानावरून जाते. इस्पितळाचा रस्ता हाच आहे. त्या वेळी कुलूपताई वरच्या गॅलरीत दात घासत उभ्या असतात. मागच्या सीटवर म्हातारा डोकं टेकून बसलेला दिसतो. गाडी कोपऱ्यावर वेग कमी करते, दुसऱ्या गिअरमध्ये वळते, झटका न देता. हॉर्न वाजत नाही. भावजय वर बघत नाही. कुलूपताई चूळ भरतात आणि शटर उघडायला खाली येतात.